रिंकवरची सही आणि पुतण्याचं मनगट

आमच्या सिंधुदुर्गात कोर्ट कुणाला नवीन नाही. गडगा हातभर सरकवला म्हणून किंवा बांधावरचा फणस नक्की कुणाच्या वाटणीचा म्हणून आजोबांनी लावलेली केस नातू चालवतोय अशी घरं कुठल्याही वाडीत सापडतील, आणि तारखेला जायचं असलं की घरातला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून लग्नाला निघाल्यासारखा निघतो. पण हीच माणसं मुंबईला नाहीतर गोव्याला फिरायला जातात, पाचशे-सहाशेचं तिकीट काढून कसल्यातरी राईडवर चढतात आणि हात मोडून घरी येतात तेव्हा एकदम साधुसंत होतात. नशीब डोक्याक लागला नाय, विषय संपला.

का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, तिथे बोर्ड होता ना "स्वतःच्या जबाबदारीवर" म्हणून, वर फॉर्मवर सही पण केली होती.

तर ह्या बोर्डाबद्दल आणि ह्या सहीबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं कारण सध्या आमच्याच घरात हे चालू आहे. दादा-वहिनी मे महिन्याच्या सुट्टीत पोराला घेऊन मुंबईकडे गेले होते, तिथल्या एका मॉलमधे बर्फाचं स्केटिंग रिंक आहे (नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे). आमच्या पिढीला बर्फाचं रिंक म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड माहीत, तेसुद्धा शाळेची सहल गेली तर, पण आताच्या पोरांनी रील्सवर सगळं बघितलेलं असतं त्यामुळे पुतण्याने मुंबईत उतरल्यापासून स्केटिंग स्केटिंग लावलं होतं. वय वर्षं दहा. तिकीट काढलं, दादाने फॉर्मवर सही केली, भाड्याचे स्केट्स मिळाले. आता हे नीट वाचा. उजव्या पायाच्या स्केटचं वरचं बकल तुटलेलं होतं. वहिनीने काउंटरवर सांगितलं तर तिथल्या पोराने दुसरा जोड दिला नाही, त्या मापाचा शिल्लक नाही म्हणाला, आणि खोकी बांधायची ती खाकी चिकटपट्टी घेऊन घोट्याभोवती दोन-तीन वेढे मारून दिले, जाव बेटा, कुछ नही होता. पोरगा कठड्याला धरून थोडा वेळ बरा चालला, मग जरा हात सोडला, पट्टी ओली होऊन सुटली, घोटा आतल्या बाजूला वळला आणि तो उजव्या हातावर आपटला. मनगटाजवळ दोन्ही हाडं.

बर्फावर पडलं की बहुतेकांचं मनगटच जातं, माणूस पडताना आपोआप हात पुढे टाकतो ना. लहान पोरांत भीती जास्त ती ग्रोथ प्लेटची, म्हणजे हाड जिथून वाढतं तिथेच मोडलं तर पुढे हात वाकडा नाहीतर आखूड राहू शकतो, त्यामुळे प्लॅस्टर निघालं म्हणजे सुटलो असं होत नाही, पुढे वर्ष-दोन वर्ष एक्सरे काढून लक्ष ठेवावं लागतं. आमच्या ऑर्थोने हे पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणून तर नुकसानभरपाईचा विचार तरी डोक्यात आला, नाहीतर दादा पण नशीब म्हणून सोडून देणाराच होता.

घरी आल्यावर आजीने सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला, "बर्फार चढलो तर पडतलोच मां! त्येका मालक काय करतलो?"

आणि गंमत अशी की आजी कायद्याच्या दृष्टीने अर्धी बरोबर आहे, आणि अर्धी म्हणजे खरंच बऱ्यापैकी. न्यूयॉर्कच्या कोर्टात 1929 साली एक केस गाजली होती. कोनी आयलंडच्या करमणूक पार्कात एक सरकता पट्टा होता, त्याच्यावर उभं राहायचं आणि पडायचं, हीच त्याच्यातली मजा, नाव पण फ्लॉपर. मर्फी नावाचा तरुण पडला, गुडघ्याची वाटी फुटली, त्याने पार्कवर दावा लावला. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी दावा उडवला, ते म्हणाले की पडण्याचा खेळ आहे हे डोळ्यांनी दिसत असताना तू चढलास, भित्र्यांनी घरी बसावं. इंग्लंडमधे तर त्याहून कडक, 1951 च्या एका केसमधे लंडनच्या हॅरिंगे अरेनात आइस हॉकी बघायला बसलेल्या सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्याला पक (त्या खेळातली कडक रबरी चकती) लागला आणि तरी अरेना सुटली, कारण खेळात पक उडणारच आणि बघायला बसलात म्हणजे तेवढी जोखीम पत्करलीत. पोर सहा वर्षांचं, ते काय डोंबल जोखीम पत्करणार असं मला वाटतं, पण निकाल तसा आहे.

पण कार्डोझोच्या त्याच निकालात पुढचं पण आहे आणि मालक लोक ते सांगत नाहीत. धोका जर लपलेला असता, बघणाऱ्याला कळण्यासारखा नसता किंवा इतका गंभीर असता की मालकाने काहीतरी बंदोबस्त केलाच असेल असं कुणीही धरून चालेल, तर गोष्ट वेगळी झाली असती असं त्यांनी तिथेच म्हणून ठेवलंय. माझ्या मते सगळा झगडा इथे आहे. एक पडणं खेळाचं असतं आणि एक पडणं रिंकवाल्याचं असतं. तोल गेला, दुसऱ्या नवशिक्याने येऊन धडक दिली, आपलाच पाय आपल्या पायात अडकला, हे खेळाचं, त्याचे पैसे मागायला जाऊ नये, आणि मागितले तर आजीचं वाक्य ऐकून घ्यावं. चिकटपट्टी मात्र खेळाचा भाग नाही. पुतण्या स्केटिंगची जोखीम घेऊन आत गेला होता, तुटक्या बकलची नाही.

रिंकवाल्याच्या वाट्याला काय काय येतं हे मी मग जरा खोदून वाचलं. आतल्या रिंकचा बर्फ असतो साधारण इंच-दीड इंच, खाली काँक्रीटमधे नळ्या टाकलेल्या असतात आणि त्यातून ब्राइन (मिठाचं पाणी) किंवा ग्लायकोल (सहज न गोठणारं द्रव) शून्याच्या खाली थंड करून फिरवत ठेवतात. दिवसभर ब्लेड फिरून त्याच्यावर चर पडतात, म्हणून मधेमधे सगळ्यांना बाहेर काढून मशीनने वरचा थर खरवडायचा आणि गरम पाण्याचा पातळ हात द्यायचा, तो गोठला की परत काचेसारखं गुळगुळीत. झांबोनी म्हणतात ते हेच मशीन, फ्रँक झांबोनीने 1949 मधे कॅलिफोर्नियात बनवलेलं. आता मुंबईची मे महिन्यातली हवा आपल्याला माहितीये, घामाने अंग चिकचिकतं ती हवा, दार उघडं राहिलं की बर्फावर पाणी साचणार, म्हणजे इथल्या रिंकवाल्याला शिमल्यापेक्षा जास्तच लक्ष द्यायला हवं (शिमल्याचं रिंक 1920 पासूनचं आहे, उघड्यावरचं आणि रात्रीच्या थंडीवर गोठणारं). शिवाय आत फिरणारी दोन-चार माणसं हवीत, सगळे एकाच दिशेने जातायत ना, कुणी उलटं किंवा सुसाट जात नाहीये ना बघायला, आणि पडलेल्याला पटकन उठवायला, कारण बर्फावर पसरलेल्या बोटांवरून दुसऱ्याचं ब्लेड जाऊ शकतं. भाड्याचे स्केट्स तर सगळ्यात आधी, घोटा घट्ट बांधला नाही तर चांगलं स्केटिंग येणारा माणूस पण पडेल. ह्यातलं त्याने काय केलं आणि काय नाही हे विचारायचा हक्क तिकीट घेतलेल्या माणसाला आहे, सही असो नसो.

आता सहीकडे येऊ. आमच्या ह्या रिंकवाल्याच्या फॉर्मवर बारीक इंग्रजीत लिहिलंय की कुठल्याही इजेला, मग ती व्यवस्थापनाच्या निष्काळजीपणामुळे का असेना, व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. म्हणजे आम्ही निष्काळजीपणा करू शकतो आणि तुम्हाला तो मान्य आहे, वा रे वा. इंग्लंडमधे 1977 च्या कायद्याने असलं कलम मरण किंवा शारीरिक इजेच्या बाबतीत चालतच नाही, ग्राहकांसाठी तेच 2015 च्या कायद्यात परत आलं. ज्या न्यूयॉर्कने मर्फीला हाकलला त्याच न्यूयॉर्कमधे आता पैसे घेऊन चालवलेल्या करमणुकीच्या जागेने स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटायला लिहून घेतलेली सूट कायद्यानेच रद्द धरतात. आपल्याकडे इतकं सरळ एका ओळीत कुठे लिहिलेलं नाही, पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 आहे, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध असलेला करार रद्द, आणि 1986 मधे सुप्रीम कोर्टाने ब्रोजोनाथ गांगुलीच्या केसमधे सांगितलंय की एका बाजूला ताकदच नसताना लादलेली एकतर्फी अट कोर्ट मोडू शकतं. ती केस नोकरीची होती, पण काउंटरवर मागे रांग आणि पुढे रडणारं पोर असताना फॉर्ममधली अट बदलून मागायची ताकद कुणाकडे असते सांगा. आणि दहा वर्षांच्या पोराचा करार तर मुळातच रद्द, हे 1903 पासून मोहरीबीबीच्या केसने ठरलेलं आहे, मग बापाने त्याच्या वतीने त्याचा हक्कच सोडून द्यायचा हे कसं चालेल, असा आमच्या वकिलांचा मुद्दा आहे.

लोकांना वाटतं हे सगळं परदेशात होतं, आपल्याकडे कोण देतंय. 1972 सालची दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलची केस बघा. एक जर्मन को-पायलट तिथे उतरला होता, त्याने डायव्हिंग बोर्डवरून पोहण्याच्या तलावात सूर मारला, पाणी पुरेसं खोल नव्हतं, डोकं तळाला आपटलं आणि माणूस कायमचा पंगू झाला. 1997 मधे दिल्ली हायकोर्टाने 50 लाख दिले, आणि कोर्टाचं म्हणणं साधारण असं की जितके जास्त पैसे घेता तितकी काळजी जास्त घ्यायला पाहिजे. पुढे अपिलात तो निकाल टिकला नाही, पण कारण वेगळं, तो माणूस मधेच वारला होता आणि त्याच्याबरोबर दावाही संपला असं धरलं गेलं. 72 ची घटना आणि 97 चा निकाल, आमच्या फणसाच्या केसी पण एवढ्या लांबत नाहीत! (लांबतात. असो.)

पोरांच्या बाबतीत आपली कोर्टं जास्त हळवी आहेत. 1995 मधे पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली होती आणि 14 मुलं बुडाली, सुप्रीम कोर्टाने 2001 मधे प्रत्येक मुलामागे 5 लाखांची भरपाई कायम केली. पोरगं तुमच्या ताब्यात दिलं की धोका ओळखायचं काम पोराचं नसतं, तुमचं असतं, मी तरी त्यातून हेच घेतलं.

आता कामाची गोष्ट, आणि ही आपल्याकडच्या लोकांनी नक्की माहीत करून घ्या. दादाचा पहिला प्रश्न होता की मुंबईला तारखांना कोण जाणार, रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस, एक दिवसाचा पगार, परत येणं, खाणंपिणं, त्यापेक्षा सोडून दिलेलं परवडलं. पण 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आला (लागू झाला जुलै 2020 मधे) तेव्हापासून तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मॉल मुंबईकडचा असला तरी केस ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी. आता ते येतील कोकणकन्येने! पूर्वी हे नव्हतं, सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) जिथला तिथे किंवा घटना घडली तिथे जावं लागायचं. शिवाय आयोग कुठला ते तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. 50 लाखापर्यंत जिल्हा आयोग, आणि मोजलेली रक्कम 5 लाखाच्या आत असेल तर फी शून्य. तिकीट सहाशेचं, म्हणजे फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं पण नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे एवढं लक्षात ठेवा. तिकीट दादाने काढलं आणि पडला पोरगा तरी पोरगा ग्राहकच, कारण ज्याच्यासाठी सेवा घेतली तो पण ग्राहकाच्या व्याख्येत येतो.

एक बारकावा आमच्या वकिलांनी सांगितला तो भारी वाटला मला. नव्या कायद्यात "अनुचित करार" म्हणून वेगळी व्याख्या आहे, मी वाचून लगेच म्हणलं की हेच लावूया, तो फॉर्मच रद्द करून मागूया. ते म्हणाले ते मागायचं तर राज्य आयोगाकडे जावं लागतं, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, मग परत मुंबईच. म्हणून तक्रार करायची ती "सेवेतील त्रुटी" म्हणून, कारण त्रुटीच्या व्याख्येतच ग्राहकाला इजा होईल असा निष्काळजीपणा येतो, आणि फॉर्मचा विषय त्यांनी बचावात काढला की तेव्हा उत्तर द्यायचं. त्यांनी काढलाच. आम्ही आधी पाठवलेल्या नोटिशीच्या उत्तरात पहिला परिच्छेद फॉर्म, दुसरा परिच्छेद मुलगा उलट्या दिशेने जोरात जात होता, तिसरा परिच्छेद सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं त्यामुळे उपलब्ध नाही. उलट्या दिशेने जात होता हे मग कुणी बघितलं बाबा?

पुरावा मात्र आमच्याकडे होता आणि तो वहिनीच्या स्टेटसच्या हौसेमुळे. रिंकवर पाय ठेवायच्या आधी तिने पोराचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढून स्टेटसला टाकला होता, त्यात उजव्या घोट्यावरची खाकी पट्टी स्वच्छ दिसते, तारीख-वेळेसकट. हा फोटो नसता तर आम्ही म्हणणार पट्टी होती आणि ते म्हणणार नव्हती. म्हणून असं कुठे काही झालं तर पोराला दवाखान्यात नेता नेता घरातल्या एकाने मागे थांबून फोटो काढावेत, स्केट्सचे, बर्फाचे, बोर्डाचे, जे असेल त्याचे. सीसीटीव्ही जपून ठेवा म्हणून त्याच दिवशी ईमेल टाकावा, तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही. पावती फेकू नका, तिच्यावर जीएसटी नंबर असतो आणि त्यावरून जीएसटीच्या पोर्टलवर कंपनीचं खरं नाव सापडतं. आमच्या केसमधे बोर्डावरचं नाव एक, पावतीवरची कंपनी दुसरी आणि मॉल तिसऱ्याचाच, त्यामुळे कंपनी आणि मॉल दोघांना सामनेवाले केलंय, भांडूदे त्यांना आपापसात. आणि डॉक्टरांच्या पहिल्या केसपेपरवर "पडून दुखापत" एवढंच लिहून घेऊ नका, कुठे पडला, कशामुळे पडला ते लिहायला सांगा, पहिल्या कागदाला किंमत असते. पोलिसात पण जाता येतं, हाड मोडणं ही कायद्याने "गंभीर दुखापत" धरतात, पण काउंटरवरचा तो पट्टी लावणारा पोरगा अडकला असता आणि वरचे मोकळे राहिले असते, म्हणून दादा नको म्हणाला आणि मला ते पटलं.

आता दुसरी बाजू, कारण ती पण घरातलीच आहे. माझा मावसभाऊ तारकर्लीला बनाना राईड आणि पॅरासेलिंग चालवतो. त्याला हे कळल्यावर तो जेवता जेवता तापला, "तुमी असले केसी करूक लागलात तर आमी धंदो कसो करूचो? लाटेर पडाक लोक पैसे देतत, मगे पडलो म्हणान बोंब मारतत." बनाना राईडमधे शेवटी मुद्दाम पाडतातच हे खरं, आणि पाण्यात पाडलं म्हणून कुणी केस केली तर मी स्वतः त्याच्या बाजूने उभा राहीन. पण लाईफ जॅकेटचा पट्टा तुटका निघाला तर? जुना दोर तुटला तर? 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कुबाला नेणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले तेव्हा अख्ख्या किनाऱ्यावरचा सीझन बसला होता, ज्यांचा काही संबंध नाही त्यांचा पण, हे त्यानेच मला तेव्हा सांगितलेलं. त्याच्याकडे मेरिटाइम बोर्डाची परवानगी आहे, जॅकेटं चांगली आहेत, दोर किती वापरला की बदलायचा ते त्याच्या डोक्यात पक्कं आहे. फक्त डोक्यातच आहे. मी म्हणलं वहीत लिही, तारीख टाक, जुन्या दोराचा फोटो ठेव, उद्या तुझ्यावर कुणी खोटी केस केली तर ती वही तुला वाचवेल, तो फॉर्म नाही. आणि विमा काढ. 1991 चा पब्लिक लायेबिलिटीचा, म्हणजे बाहेरच्या लोकांना झालेल्या इजेच्या विम्याचा कायदा आहे पण त्याची सक्ती घातक रसायनं वगैरे हाताळणाऱ्यांना आहे, रिंकला किंवा बनाना बोटीला नाही, म्हणजे आपणहून पॉलिसी घ्यायची. त्यावर तो म्हणाला हप्ता किती, मी म्हणलं चौकशी कर, तो म्हणाला बघूया, आणि आपल्याकडे बघूया म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमचं म्हणाल तर मॉलच्या वकिलाने मधे फोन करून दवाखान्याचं बिल देतो, मिटवा म्हणून सांगितलं. दादा तयार झाला होता. वहिनी म्हणाली बिल तर द्याच, पण पुढच्या दोन वर्षांचे एक्सरे आणि पोराची बुडालेली शाळा त्यात धरा, आणि आधी तुटके स्केट्स काउंटरवरून काढलेत असं लेखी द्या. लेखीवर फोन ठेवला गेला. तक्रार ओरोसला दाखल झाली आहे, सामनेवाल्यांचं लेखी म्हणणं अजून यायचंय. ते आलं की त्यात काय लिहिलंय ते इथे टाकीन. कुणाला नोटिशीचा मसुदा हवा असेल तर सांगा, नावं खोडून पाठवतो.